कावीळ : नळाची आणि सुईची

पटकी, देवी, प्लेग ही नावे उच्चारताच आपल्या समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांची भीती जागी होते. काविळीचे तसे नाही. कावीळ हा जणू घरातलाच आजार. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की शेजारपाजारचे वडीलधारे निदान करतात. हळद, तेल आणि तिखट बंद होते. उसाचा रस सुरू होतो. 'कावीळ उतरवणारा' कोणी ठाऊक असेल तर त्याच्याकडे रोग्याला नेले जाते. आणि तीन-चार आठवड्यांत माणूस बहुधा हिंडूफिरू लागतो. या 'बहुधा' शब्दातच सारा घोटाळा आहे. पुष्कळ वेळा आपोआप बरा होणारा आजार म्हणून आपण काविळीला क्षमा करून टाकली आहे, आणि त्या क्षमेच्या आडोशाने दरवर्षी फार मोठी जीवितहानी होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार विषाणूजन्य यकृतदाहाने २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १३ लाख माणसे मृत्यू पावली. क्षयरोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. परंतु क्षयाचे नाव घेताच जी सावधता येते, तिचा लवलेशही काविळीच्या वाट्याला येत नाही.

वस्तुतः कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. रक्तातील पित्तरंजक द्रव्याचा निचरा करणे हे यकृताचे एक काम. यकृताला सूज आली, की ते काम अडते आणि तो पिवळेपणा त्वचेत व डोळ्यांत उतरतो. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत, आणि त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे मिळाली आहेत : ए, बी, सी, डी आणि ई. नावे सारखी असली तरी ही पाच भावंडे नव्हेत. त्यांची कुळे निरनिराळी आहेत. सामान्य नागरिकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट एवढीच, की त्यांचे येण्याचे रस्ते दोन आहेत. ए आणि ई हे तोंडावाटे येतात, म्हणजे एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या पाण्यात वा अन्नात. बी आणि सी हे रक्तावाटे येतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून नवजात बालकाकडेही जातो. डी हा बीच्या आश्रयानेच जगणारा परोपजीवी आहे. पहिला रस्ता नळाचा आणि दुसरा मुख्यतः सुईचा, असे थोडक्यात म्हणता येईल. विकसनशील देशात हे दोन्ही रस्ते सताड उघडे राहतात, आणि ते उघडे ठेवण्याचा दोष रोग्याकडे क्वचितच असतो.

दिल्लीचा धडा

पाण्याच्या काविळीचा जगातील एक अत्यंत काळजीपूर्वक नोंदला गेलेला प्रकोप आपल्या राजधानीत घडला. १९५५च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा नजफगढचा नाला आणि वझिराबाद येथील पाणी उचलण्याची जागा यांचा संबंध त्यामुळे उलटा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये नाल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू लागले. जलशुद्धीकरण केंद्रातील अधिकाऱ्यांना हे कळले नाही असे नाही. त्यांनी क्लोरिनची मात्रा वाढवली, आणि शहरात विषमज्वर किंवा हगवण यांची लाट आली नाही. आपण संकट टाळले असे वाटत असतानाच, डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत काविळीचे २९ हजारांहून अधिक रोगी झाले. संसर्ग आणि लक्षणे यांच्यात या रोगात पाच-सहा आठवडे जातात. त्यामुळे रोगी दवाखान्यात पोहोचले तेव्हा अपराधी पाणी केव्हाच वाहून गेले होते.

या घटनेतून जो धडा मिळाला तो आजही पुष्कळ नगरपालिकांच्या गळी उतरलेला दिसत नाही. गढूळ आणि सेंद्रिय मलाने भरलेल्या पाण्यात जो क्लोरिन जिवाणूंना पुरतो, तो विषाणूंना पुरतोच असे नाही. पाण्याच्या नमुन्यात कोलिफॉर्म जिवाणू सापडले नाहीत, एवढ्यावर 'पाणी पिण्यायोग्य' असा शेरा मारता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दिल्लीच्या त्या रोगाचा कर्ता ए हाच असावा असे पंचवीस वर्षे गृहीत धरले गेले. पुढे ए विषाणूची खात्रीशीर चाचणी निघाली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातील जुन्या साथींमधील साठवलेले रक्तनमुने तपासले. दिल्लीची ती साथ एचीही नव्हती आणि बीचीही नव्हती, असा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८-७९च्या साथीच्या अभ्यासावरून, हा निराळाच विषाणू असला पाहिजे असे प्रतिपादन केले. १९८३ मध्ये बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच्या पोटात घेतला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच विष्ठेत तो विषाणू पाहिला. त्यालाच पुढे ई हे नाव मिळाले. ज्या विषाणूने आपल्या देशात इतकी माणसे आजारी पाडली, त्याला नाव मिळायलाही इतका काळ जावा लागला. श्रीमंत देशांना तो फारसा त्रास देत नव्हता, हे त्याचे एक कारण असावे असे वाटल्यावाचून राहत नाही.

कोणाचा बळी जातो

ई विषाणू बहुतेकांना सोडून देतो. शंभर रोग्यांत एखादा दगावतो. परंतु गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा रोग झाला तर चित्र पालटते. यकृत अकस्मात बंद पडते, शुद्ध हरपते, रक्तस्राव थांबत नाही; आणि अशा स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण पाचांत एक इतके चढल्याचे अनेक साथींमध्ये आढळले आहे. दिल्लीच्या साथीतही गर्भवतींच्या मृत्यूंकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले होते. असे नेमके का होते, याचे समाधानकारक उत्तर वैद्यकाला अद्याप देता आलेले नाही. घरातील सगळ्यांनी तेच पाणी प्यायले, सगळ्यांची कावीळ उतरली, आणि दिवस भरत आलेली सून तेवढी गेली. अशा वेळी तो मृत्यू नशिबाच्या खात्यावर लिहिला जातो. खरे तर तो नळाच्या खात्यावर लिहिला गेला पाहिजे.

अशा साथी इतिहासजमा झाल्या असे कोणी समजू नये. १९९१ मध्ये कानपुरात या रोगाचे सुमारे ७९ हजार रोगी झाल्याचा अंदाज आहे. २०१२ मध्ये आपल्या इचलकरंजीत ईची मोठी साथ आली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१५-१६च्या हिवाळ्यात सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी तीच गोष्ट घडली. मैलाशुद्धीकरण केंद्राचे पाणी ज्या ओढ्यात सुटत होते, त्याच अश्वनी ओढ्याचे पाणी शहराला पिण्यासाठी दिले जात होते. साठ वर्षांत नदीचे व शहराचे नाव बदलले, घडले तेच.

या सगळ्यात एक यांत्रिक बाब आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. आपल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येते. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते, आणि रिकाम्या नळीत बाहेरचे पाणी शोषले जाते. जलवाहिनी आणि गटार अनेक ठिकाणी एकाच चरातून गेलेले असतात. सांधे जुने व गंजलेले असतात. त्यात घराघरांतून मोटर लावून पाणी ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्मळ पाणी शेवटच्या चाळीपर्यंत पोहोचताना काय होऊन पोहोचते, हे केंद्रावरच्या नोंदवहीत कधीच दिसत नाही. म्हणून क्लोरिन किती घातला यापेक्षा शेवटच्या नळाला तो किती उरला, हे महत्त्वाचे. एका लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम इतका तो उरावा, असे भारतीय मानक आहे. गावोगावी आरोग्यसेवक जी 'ओ.टी.' चाचणी घेतात ती हेच पाहण्यासाठी असते. ती रोज घेतली जाते काय, टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत शिल्लक आहे काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले जात नाहीत. ते विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे.

सुधारणेचा उलटा परिणाम

ए विषाणूची कथा याहून विचित्र आहे. लहान मुलाला त्याचा संसर्ग झाला तर बहुधा कावीळही दिसत नाही. किरकोळ ताप-उलटी होऊन मूल खेळू लागते आणि त्याला जन्मभराचे संरक्षण मिळते. जिथे स्वच्छता अगदीच नाही, तिथे जवळजवळ प्रत्येक मूल पाच-दहा वर्षांच्या आत या रोगातून नकळत पार पडलेले असते. स्वच्छता थोडी सुधारली, की बालपणीचा संसर्ग टळतो. पण ती पुरती सुधारलेली नसल्यामुळे तोच संसर्ग पुढे विशीत किंवा तिशीत गाठतो, आणि त्या वयात हा रोग बराच जड जातो. २०२४ मध्ये केरळात एची जी लाट आली, तिच्यात तरुण व प्रौढ माणसे आजारी पडली आणि काही दगावलीही. आरोग्याच्या बाबतीत देशात अग्रेसर गणल्या गेलेल्या राज्यात हे घडावे याचे आश्चर्य वाटेल. पण अर्धवट सुधारणेची किंमत ती हीच. वसतिगृहात राहणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या, उन्हाळ्यात रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस पिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. काविळीवर उतारा म्हणून ज्या उसाच्या रसाची आपण शिफारस करतो, तो कोणत्या पाण्याच्या बर्फाने थंड केलेला आहे हे कोणीच पाहत नाही.

'कावीळ उतरवणाऱ्यां'ची ख्यातीही याच गणितावर उभी आहे. ए आणि ई यांची कावीळ शंभरातील नव्याण्णवांना आपोआप सोडणार असेल, तर गळ्यात माळ घालणाऱ्यालाही यश येणार आणि नाकात रस पिळणाऱ्यालाही. हातावर चुना चोळला, की पाणी पिवळे होते, आणि रोग उतरला असे सगळ्यांना दिसते. यात रोग्याची फसवणूक झाली एवढीच हानी असती तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु त्या शंभरात बीचा रोगी कोण, गर्भवती कोण, ग्लानीकडे झुकलेला कोण, हे माळ घालणाऱ्याला कळत नाही. गमावलेले ते चार-सहा दिवस पुन्हा मिळत नाहीत.

न दिसणारी कावीळ

ज्याला कावीळ होते त्याला जग पिवळे दिसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. बी आणि सी या विषाणूंच्या बाबतीत ती पूर्णपणे निरुपयोगी ठरते. येथे बहुतेकांना जगही पिवळे दिसत नाही आणि जगाला ते स्वतःही पिवळे दिसत नाहीत. विषाणू वीस-तीस वर्षे यकृतात मुक्काम करतो, माणूस नोकरी करतो, संसार करतो, आणि एके दिवशी पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते. तोवर यकृत आकसून कठीण झालेले असते, किंवा त्यात कर्करोग बसलेला असतो. लोक म्हणतात, 'दारू पीत असणार.' दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या माथी मृत्यूनंतर हा कलंक बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे सुमारे ५५ लाख संसर्गित होते. दर पन्नास माणसांमागे एकाच्या रक्तात बी विषाणू आहे, असा याचा अर्थ होतो. एका शाळेच्या वर्गात, एका कचेरीच्या मजल्यावर, एका लोकलच्या डब्यात अशी माणसे आपल्यासोबत असतात. सोबत बसल्याने, जेवल्याने, हस्तांदोलनाने हा रोग लागत नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. जगभरात बीची बाधा झालेल्यांपैकी जेमतेम १३ टक्के लोकांचे निदान झालेले होते, आणि उपचार अवघ्या ३ टक्क्यांना मिळत होते. उरलेल्यांना आपल्या शरीरात काय चालले आहे याची वार्ता नाही.

हा विषाणू पसरला कसा? एक कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. इंजेक्शन घेतल्यावाचून डॉक्टरने काही केले असे आपल्याला वाटत नाही. साधा ताप असो वा अशक्तपणा, सुई हवी, सलाईन हवे. रोग्याची ही मागणी आणि दवाखान्याची मिळकत यांचा मेळ बसला, आणि काचेची सिरिंज नुसती कोमट पाण्यात बुडवून पुढच्या दंडात टोचली गेली. नंतर एकदाच वापरायची प्लॅस्टिक सिरिंज आली, पण ती एकदाच वापरली जाईल याची हमी आली नाही. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा येथे बीची भीषण साथ आली. चारशेंहून अधिक माणसे आजारी पडली, कित्येक मृत्युमुखी पडली, आणि वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचे उघड झाले. बरे व्हायला गेलेला माणूस दवाखान्यातूनच रोग घेऊन यावा, याहून मोठी विटंबना कोणती?

याच बाबतीत इजिप्तचे उदाहरण उद्बोधक आहे. नाईल नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना जडणाऱ्या एका कृमिरोगाविरुद्ध तेथील सरकारने अनेक वर्षे सदिच्छेने इंजेक्शनांची मोहीम चालवली. सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या. कृमिरोग हटवताना सी विषाणू गावोगाव पेरला गेला, आणि इजिप्त या रोगाने जगात सर्वाधिक ग्रासलेला देश बनला. सरकारी मोहीम कितीही पवित्र हेतूची असली तरी सुईच्या शिस्तीत ढिलाई झाली, की ती शाप ठरते.

हाती असलेली शस्त्रे

आता दुसरी बाजू पाहू, कारण ती खरोखर आशादायक आहे. बी विषाणूचा माग डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात लागला. त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८०च्या दशकात लस आली, पण तिची किंमत भारतीय पालकांच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने देशात तयार केलेली लस आयात लशीच्या किमतीच्या एका अंशाने उपलब्ध करून दिली. २००२-०३ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात प्रायोगिक रीतीने आली आणि २०११-१२च्या सुमारास देशभर पोहोचली.

या लशीत एक मात्रा सर्वांत मोलाची आहे, ती म्हणजे जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाणारी. याचे कारण असे, की प्रौढ माणसाला बीची बाधा झाली तर शंभरात पंचाण्णव जण त्यातून पूर्ण मुक्त होतात. पण जन्मतः बाधा झालेल्या शंभर अर्भकांपैकी नव्वदांच्या शरीरात विषाणू कायमचा वस्तीला राहतो. पन्नाशीत होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचा निर्णय जन्माच्या पहिल्या दिवशी लागतो म्हणा ना! दीड महिन्याने, अडीच महिन्यांनी मिळणाऱ्या मात्रा त्या पहिल्या दिवसाची जागा घेऊ शकत नाहीत. बाळंतपण घरी झाले, सुटीच्या दिवशी झाले, खाजगी रुग्णालयात विसर पडला, अशा क्षुल्लक कारणांनी ही मात्रा हुकते. गर्भारपणात आईच्या रक्ताची बीसाठी तपासणी आणि जन्मल्याबरोबर बाळाला लस, या दोन गोष्टी घरच्यांनी आग्रहाने मागितल्या पाहिजेत.

सी विषाणूवर लस नाही. परंतु तो औषधाने समूळ जातो, आणि वैद्यकाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी आहेत. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, की शंभरात सुमारे पंचाण्णव रोगी कायमचे बरे होतात. २०१३च्या अखेरीस हे औषध अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि २०१५ पासून तेच उपचार लाखांऐवजी हजारांत येथे होऊ लागले. पंजाब सरकारने २०१६ मध्ये ते मोफत केले, आणि २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून बी व सी यांची तपासणी आणि उपचार विनामूल्य देण्याची व्यवस्था जाहीर केली. इजिप्तने तर २०१८-१९च्या काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, सापडलेल्यांना औषध दिले, आणि २०२३ मध्ये सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरील आघाडीचा देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. जो देश सर्वांत अधिक ग्रासलेला होता तोच सर्वांत पुढे गेला. पैसा त्याच्याजवळही अमाप नव्हता; निश्चय होता.

मग आपले अडते कोठे? औषध आहे, लस आहे, कार्यक्रम कागदावर आहे. अडते ते निदानापाशी, आणि निदान अडते भीतीपाशी. बीची बाधा आहे असे कळल्यावर परदेशातील नोकरी हुकेल, लग्न मोडेल, कचेरीत लोक पेला वेगळा ठेवतील, या धास्तीने माणसे तपासणीला जातच नाहीत. रक्तदानाच्या वेळी आढळले तरी घरी सांगत नाहीत. ही धास्ती निराधार नाही, कारण समाज खरोखरच तसे वागतो. म्हणून शिक्षकाने वर्गात आणि सहकाऱ्यांनी कचेरीत या बाबतीत दाखवलेला समंजसपणा हाही एक उपचारच समजला पाहिजे.

नागरिकाच्या अंगी येणारी कर्तव्ये फार अवघड नाहीत. साथीच्या दिवसांत, आणि घरात गर्भवती असेल तर नेहमीच, पाणी खळखळून उकळून घ्यावे. सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून निघालेली पाहावी आणि गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. आयुष्यात एकदा तरी बी व सीची तपासणी करून घ्यावी. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे रोगाची सारी जबाबदारी रोग्यावर टाकणे होय. ज्या आईला रोज पाणी उकळण्याइतके इंधन परवडत नाही, तिला उपदेश करून काय साधणार? तिच्या वस्तीतील जलवाहिनी गटारातून बाहेर काढणे हे नगरपालिकेचे काम आहे, आणि ते करवून घेणे हे मतदारांचे. निवडणुकीत रस्ते आणि दिवे यांवर मते मागितली जातात व दिलीही जातात; जमिनीखालची नळी कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर मत मागणारा उमेदवार आढळत नाही. तिच्याबद्दल त्याला विचारण्याची सवय सुशिक्षित वर्गाने प्रथम लावून घेतली, तर दिल्लीने दिलेला तो जुना धडा निदान पुढच्या पिढीच्या तरी कामी येईल.